झोपून चालवायची सायकल

माह्या सायकलवर हसा लेकहो, पण सलीमभाईचं नाव इज्जतीनं घ्या. कमरेनं दगा देल्ला तवा सायकलच्या सीटवर बसणं बंद झालं, आन् पायी तर दहा पावलंही जमे ना. आमच्या बोरी अरब गावात सलीमभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याहिनं भंगारातल्या दोन सायकली कापल्या, मधात प्लास्टिकची खुर्ची बसवली आन् झोपून चालवायची ही लांबलचक गाडी करून देल्ली.

पहिल्याच दिवशी पाय पसरून बाजारातून निघालो, तं भाजीवाली ओरडली, "अव माय, भाऊ झोपले! कोनी उठवा त्याहिले!"

पुढं सलीमभाई पायी घरी जातानी दिसले.

"काहून पायी? तुमची सायकल कुठी हाय?"

"घरी हाय. चैन नाही तिले."

"चैन कुठी गेली?"

त्याहिनं माह्या पायाकडं बोट दाखवलं. "एवढ्या लांब गाडीले तीन चैनी लागतात. भंगारात दोनच भेटल्या."

मी करकचून ब्रेक दाबला. "भाई, आत्ताच्या आत्ता काढून घ्या तुमची चैन!"

"कायले? मले पायी चालता येते," ते म्हणाले. "तुम्हाले येते का?"