नानांचं सुतक कुणाकुणाला

मंडळी, सगळ्यांना नमस्कार. आधी जे मागं भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनी पुढं यावं. सतरंजी निम्मी रिकामी आहे. ही आमच्या आळीतली माणसं, नानांच्या खोल्यांमधले भाडेकरू. कार्यक्रम कुणाचाही असो, यांना भिंतच बरी वाटते. या, बसा. तुम्ही बसल्याशिवाय मी सुरू करणार नाही.

हं, आता ठीक.

मला आज बोलणं अवघड जातंय. खरं तर बोलण्याचीच भाकरी मी खाते. मानसशास्त्र शिकले, आणि हिंजवडीत एका कंपनीत नवीन आलेल्या माणसांना रुळवायचं काम करते. देशभरातून माणसं येतात, त्यांच्यासमोर उभी राहून मी तासन् तास बोलते. कधी घाम फुटत नाही. आज फुटलाय. कारण समोर नानांची खुर्ची आहे आणि खुर्चीत फोटो आहे.

माझ्याआधी मान्यवर बोलले. नानांनी शाळेला जागा दिली, पाण्याच्या टाकीसाठी धडपड केली, सगळं सांगितलं. खरं आहे ते. मी मात्र एक उत्तर द्यायला उभी राहिलेय. काल अण्णांनी, म्हणजे नानांच्या धाकट्या भावानं, मला एक गोष्ट विचारली. मी म्हणाले, उद्या सांगते. तर सांगायची वेळ आलीय, आणि ते सगळ्यांसमोर सांगावं असं मला वाटतं.

गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. परवा भैरवनाथाची यात्रा. यात्रेला गावजेवण. आणि नाना गेल्यामुळे भावकीला सुतक. भावकी म्हणजे आपल्याकडं दोन-चार घरं सोडली तर अख्खं गाव. म्हणून तर ही सभा देवळाच्या मंडपात न घेता इथं शाळेच्या पटांगणात घेतली. सुतक असलेल्यानं देवाची पंगत वाढायची नाही, ही रीत. मग वाढायचं कुणी?

काल अण्णा माझ्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "संगीता, आमा समद्यांना सुतक हाय. देवाची पंगत तर मोडता येत न्हाई. तुमा लोकांना काय सुतक न्हाई. तवा औंदा समदी पंगत तुमीच वाढा."

अण्णा, तुम्ही चांगल्या मनानं आला होता, हे मला कळलं. ज्या माणसानं एकेकाळी आम्हाला पळी हातात धरू द्यायला नको म्हटलं, तो माणूस सगळी पंगत आमच्या हवाली करायला स्वतः चालत आला. ही लहान गोष्ट नाही. तरी मला लगेच हो म्हणवलं नाही. का, ते सांगायचं तर मला नानांकडं जावं लागेल.

मी मूळची परभणीची. आम्हा नवरा-बायकोला इकडं नोकऱ्या लागल्या, बावधनचं भाडं झेपेना, म्हणून इथं, चांद्याला आलो. नानांनी खोली दाखवली आणि विचारलं, "गाव कुटलं?" मी म्हणाले, परभणी. आता हा प्रश्न मला शंभर जणांनी विचारलाय. त्याच्यामागं दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो कोणता हे तुम्हालाही माहीत आहे. नानांचा दुसरा प्रश्न होता, "तिकडं औंदा तूर कशी हाय?" मला तुरीचं काहीच ठाऊक नव्हतं. मी माझ्या वडिलांना फोन लावून दिला. दोघं अर्धा तास बोलले. खोली मिळाली.

माणूस गाव सोडून येतो तेव्हा सगळ्यात आधी स्वतःची बोली गिळतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरी मला ते चुकलं नाही. ऑफिसात मी पुण्याची भाषा बोलायचे. आईचा फोन आला की दार लोटून घ्यायचे, कारण आईशी माझ्या तोंडून परभणीच निघायची. एकदा नाना नळावर होते. मला म्हणाले, "दार का लावती गं? आईशीच बोलतीस न्हवं?" बास, एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून मी ओट्यावर बसून बोलायला लागले. मग मी त्यांनाही "काय करायलेत नाना?" असं विचारायचे आणि ते मुद्दाम "करायलोय की" म्हणून मला चिडवायचे. मी त्यांच्या "न्हाई"ला हसायचे. माझी मुलगी तर दोन्ही बोलते. आजीशी एक, शाळेत दुसरी. तिला कुणी विचारलं तू कुठली, तर ती म्हणते, "कुठं विचारताय त्याच्यावर हाय." या पोरीचं कसं होणार म्हणून आई काळजी करते. मला अजिबात काळजी नाही.

आता तुम्हाला वाटेल, नाना आधीपासूनच असे होते. नव्हते. हे मी त्यांच्या माघारी सांगत नाहीये, त्यांनीच मला सांगितलंय. खोल्या बांधल्या तेव्हा त्यांच्या लेखी भाडेकरू म्हणजे महिन्याचं भाडं. मग एक दिवस असा आला.

नानांचं खालचं वावर गेलं आणि तिथं मोठी सोसायटी उभी राहिली, हे तुम्ही जाणता. एका सकाळी नाना सहज तिकडं निघाले. तिथं त्यांची विहीर होती. बुजवली की ठेवली, एवढंच बघायचं होतं. गेटवरच्या रखवालदारानं अडवलं. तो बिहारचा, नुकताच लागलेला. "किससे मिलना है, बाबा?" नाना म्हणाले, "इहिरीला." त्याला काही कळेना. त्यानं फ्लॅट नंबर विचारला. नाना परत आले.

संध्याकाळी मला म्हणाले, "संगीता, माज्याच वावरात मला इचारतोय, कुणाला भेटायचंय. आन मला नाव सांगता येईना." हसत होते सांगताना. मग हसणं थांबलं. म्हणाले, "तुमाला आसंच व्हत आसंल की रोज."

मी म्हणाले, "व्हय नाना."

मंडळी, मला वाटतं त्या दिवशी काहीतरी झालं. आपण समजतो, जो बाहेरून आला तोच बावरतो. पण जो जागचा हललाच नाही त्याच्याही पायाखालून गाव सरकतं. बांध गेले, चिंच गेली, रस्त्याला नवं नाव लागलं. तोही एक प्रकारे नवखाच होतो, आणि त्याला तर परत जायला दुसरं गावही नसतं. मग राग येतो. राग कुणावर काढायचा? जमीन घेणारा तर दिसत नाही. समोर दिसतो तो भाडेकरू. त्याची गाडी आडवी लागलेली असते, त्याचा कचरा सांडलेला असतो. तुमच्यातले काही जण आम्हाला काय म्हणता ते मला माहीत आहे. आणि आमच्यातले काही जण तुम्हाला काय म्हणतात तेही सांगते, म्हणजे फिट्टंफाट होईल. म्हणतात, जमिनी विकल्या आणि आता नुसत्या गाड्या फिरवतात. दोन्हीकडं तोच घाबरटपणा आहे. नानाही घाबरले होते. फक्त त्यांनी त्यातून समोरच्याची अवस्था ओळखली. त्या रखवालदाराजवळ ते नंतर रोज तंबाखू मळायला जाऊन बसायचे. विहीर बुजवलीय, हे त्यानंच त्यांना आत नेऊन दाखवलं.

त्याच वर्षी यात्रेच्या बैठकीत नानांनी विषय काढला. आपल्याकडं रीत अशी, की जेवायला सगळ्यांना बोलावणं, पण वाढायचा मान आळीचा. वरची आळी, मधली आळी, खालची आळी. नाना म्हणाले, "नव्या आळीलाबी पाळी द्या." नवी आळी म्हणजे आम्ही. अण्णा म्हणाले, "भाडेकरी आज हाय, उद्या न्हाई. त्यांला कसली आळी?" आणि नाना म्हणाले, "आज हायेत न्हवं? पंगत आजच हाय की."

मिळाली पाळी. आणि आम्ही काय केलं? अण्णा, हसा, आज हसलात तरी चालेल. आम्ही टेबलं मांडली. पांढऱ्या चादरी घातल्या. एका टोकाला पत्रावळ्या, दुसऱ्या टोकाला लापशी, मध्ये भात आणि आमटी. यवतमाळचे आमचे प्रशांतभाऊ, ते बघा तिथं बसलेत, ते हात जोडून सगळ्यांना सांगत होते, "रांगेनं या, रांगेनं या." आमच्या ऑफिसात असंच असतं. आम्हाला वाटलं, काय झकास सोय केलीय.

म्हातारी माणसं आली, टेबलं बघितली आणि जागच्या जागी थांबली. एक जण म्हणाले, "देवाच्या दारात ताट धरून उभं ऱ्हायाचं? आमी काय मागाया आलोय?" माणसं चपला घालायला लागली. अण्णांचं तोंड 'सांगितलं व्हतं' असं म्हणत होतं. आमचे चेहरे तर बघवत नव्हते.

नाना आले. त्यांनी एक पत्रावळ उचलली, टेबलासमोर भुईवर मांडी घातली, पत्रावळ पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "वाढा."

प्रशांतभाऊ म्हणाले, "नाना, वर आहे ना सगळं."

"मी बसलोय. तू वाक."

मग मागं एक बसला, त्याच्या शेजारी दुसरा. टेबलं बाजूला झाली. आम्ही पातेली उचलून पळायला लागलो. मला आमटीची बादली पेलेना, मी अण्णांच्या धोतरावर सांडली. अण्णा एवढंच म्हणाले, "सावकाश, भाजंल तुला." त्या दिवशी माझी कंबर मोडली आणि मला पहिल्यांदा वाटलं, मी इथं राहते. नाना नंतर म्हणाले, "नुसतं जेवणाऱ्याला गाव कळत न्हाई. कोण दोनदा घेतो, कुणाला तिखाट सोसत न्हाई, कोण कुणाच्या शेजारी बसत न्हाई, ते वाढणाऱ्यालाच दिसतंय." कंपनीत मी लोकांना रुळवायला खेळ घेते, फुगे फोडायला लावते. चालू दे तेही, पगार त्याचाच मिळतो. पण माणसावर काहीतरी जबाबदारी टाकल्याशिवाय तो रुळत नाही, हे मी त्या पंगतीत शिकले. तेव्हापासून दर यात्रेला आमची पाळी आहे.

तर काल अण्णा येऊन गेले आणि संध्याकाळी आमची आळी जमली. प्रशांतभाऊंचं म्हणणं, एवढा मान चालून आलाय, सोडायचा नाही. पटण्यासारखं होतं. पण अण्णा, तुमचं एक वाक्य माझ्या मनातून जाईना. तुमा लोकांना सुतक न्हाई. म्हणजे मान मिळतोय, तो आम्ही नानांचे कुणी नाही म्हणून मिळतोय. आजवर पळी हातात आली ती आपले म्हणून. आता अख्खी पंगत मिळणार, ती परके म्हणून.

मी सहज विचारलं, नाना गेल्यापासून कुणाकुणाच्या घरी फोडणी पडलीय? मग एकेक जण बोलायला लागला. एकीनं घरात गोड केलं नव्हतं, मुलाचा वाढदिवस असून. एकानं देवपूजा बंद ठेवली होती. प्रशांतभाऊंनी दाढी केली नव्हती, बघा त्यांच्याकडं, ही काही फॅशन नाही. मी देव्हाऱ्यात दिवा लावला नव्हता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या प्रत्येकाच्या मुलखात पाळायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे जो तो आपापल्या गावाच्या रीतीनं पाळत होता. माझ्या आईनं फोनवर विचारलं होतं, "कुणाचं सुतक पाळायलीस?" मी म्हणाले, घरातलं. ती म्हणाली, "मग तळण बी करू नको."

कुणी म्हणेल, तुमचं नातं काय? रक्त कुठं आहे? इथं पुढं सुनंदाताई बसल्यात, नानांची लेक. घोटावड्याला दिलेली. रीतीप्रमाणे दिलेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. म्हणजे ताईंचं फिटलं, आणि नानांच्या चुलत-चुलत भावाच्या नातवाचं अजून चालू आहे. आता ताईंकडं बघा आणि सांगा, फिटलंय का.

ताई, माफ करा. रडवायचं नव्हतं तुम्हाला.

अण्णा, हे आमचं उत्तर. परवाची पंगत आम्ही वाढणार नाही. आम्हाला सुतक आहे.

थांबा, उठू नका, माझं संपतच आलंय. रीत मोडायची गोष्ट मी करत नाही, उलट रीत धरूनच बोलतेय. देवाची पूजा गुरव करतील. पालखीला शेजारच्या गावाची माणसं खांदा देतील. पंगत तेवढी पुढं ढकला. सगळ्यांचं सुतक फिटल्यावर करा, तेव्हा चारही आळ्या मिळून वाढू, आणि आमटीची बादली या वेळी मी नीट धरीन. त्यासाठी आम्हाला आत्ताचा हा मोठा मान सोडावा लागतोय, तो आम्ही सोडतोय. प्रशांतभाऊंनीही सोडलाय, जड मनानं.

आणि आमचं सुतक तुम्ही मानावं, अशी विनंती करायला मी उभी नाही. सुतक काही कुणी कुणाला देत नाही. घरातलं माणूस गेलं की ते लागतं. आम्हाला लागलंय.

आता नानांसाठी आपण सगळे थोडा वेळ गप्प बसू या.