म्हाताऱ्याला शांत केल्याबाबत

मी, गिरिजा श्रीराम देवपुजारी, वय ५२ वर्षे, धंदा – (ही जागा रिकामी ठेवली आहे, शेवटी भरीन), राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, समक्ष हजर राहून लिहून देते की –

सार्जंटसाहेबांनी हव्या त्या भाषेत लिहा म्हटल्यामुळे मराठीत लिहीत आहे. माझे वडील हिंगणघाट ठाण्यात लेखनिक हवालदार होते. आधी वेळ, मग जागा, मग काय घडले, आणि रडणे-हसणे शेवटच्या ओळीत, अशी त्यांची शिकवण होती. तसे लिहिण्याचा प्रयत्न करते, पण आज हसू आवरत नाही याची नोंद घ्यावी.

मी बावीस वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंग केले. चौदा महिन्यांपूर्वी नोकरी गेली. त्यानंतर घरे तापवणाऱ्या तेलाच्या बॉयलरची दुरुस्ती शिकवणाऱ्या संध्याकाळच्या शाळेत नाव घातले. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी "बंब पेटवायला शिकायला अमेरिका कशाला हवी होती?" असे विचारले. लेखी परीक्षेत मी पहिली आले आणि प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा कारण एकच. बॉयलर पेटला नाही की मी घाबरून त्याचे लाल बटण पुन्हा पुन्हा दाबते. ते एकदाच दाबायचे असते. दर वेळी आत तेल फवारले जाते, ते साठते, आणि मग एकदम पेटले तर भडका उडतो. आजची संधी तिसरी आणि शेवटची होती.

परीक्षा राहत्या घरातल्या चालू बॉयलरवर असते; परीक्षक बाई अकराला येणार होत्या. आमच्याच गल्लीतले निवृत्त भूलतज्ज्ञ डॉ. त्र्यंबक काका, वय ८१, यांनी आपला बॉयलर दिला. तो चाळीस वर्षांचा असून अलीकडे काका-काकू त्याला 'म्हातारा' म्हणतात. काकांची पत्नी सुचित्रा काकू सध्या ओहायोत डब्लिनला मुलाकडे, म्हणजे नीलकडे, गेल्या आहेत.

आज सकाळी ८.५० वाजता मी तळघरात बॉयलर बंद केला. आमच्याकडे दिवा 'विझला' म्हणत नाहीत, 'शांत झाला' म्हणतात. सवयीने मी काकूंना पुढीलप्रमाणे व्हॉइस मेसेज पाठवला: "काकू, म्हाताऱ्याला शांत केलं हं. अजून गरम आहे. गार झाला की उघडते आणि आतून ब्रशने खरवडून काढते. अकराला बाई येणारेत, त्याआधी सगळं लख्ख करते. तुम्ही काळजी करू नका, काहीच त्रास दिला नाही त्याने."

काकूंचे लगेच लक्ष गेले नाही, आणि दहाच्या सुमारास त्या आंघोळीला गेल्या. मेसेज नीलने ऐकला. नीलचा जन्म इकडचा. 'शांत झाले' हे शब्द त्याने फक्त भारतातून येणाऱ्या फोनवर, कुणीतरी गेल्यावरच ऐकलेले. त्याने वडिलांना सहा फोन केले. काकांचे कानातले यंत्र तेव्हा चार्जिंगला होते. मग त्याने इथल्या पोलिसांना फोन केला. मुलगा म्हणून त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

१०.२० वाजता मी बॉयलर साफ करून जोडला आणि सुरू केला. पेटला नाही. लाल बटण एकदा दाबले. पेटला नाही. बोट पुन्हा बटणाकडे गेले तेव्हा अंमलदार श्री. रीव्हज तळघराच्या उघड्या दारातून आत आले आणि हात वर करा म्हणाले. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. जवळ खरवडलेल्या काजळीने भरलेली बादली होती.

"म्हातारा कुठे आहे?" असे त्यांनी विचारले.

"कोणता?" असे मी म्हणाले. हे म्हणायला नको होते.

तेवढ्यात काका दोन कप चहा घेऊन जिना उतरले. पोलीस पाहून ते परत वर गेले आणि तीन कप घेऊन आले. रीव्हज यांनी नीलला फोन लावून दिला. "बाबा, आर यू ओके?" असा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला. काका म्हणाले, "अरे, चाळीस वर्षं लोकांना झोपवलं, मला कोण झोपवतंय? चहा निवतोय, ठेव फोन." त्यानंतर ते पायरीवर बसले आणि थोडा वेळ चष्मा पुसत होते.

१०.५५ वाजता रीव्हज बॉयलरजवळ वाकले. "मग हे चालू का होत नाही?" म्हणत त्यांनी लाल बटणाकडे बोट नेले. मी त्यांच्या हातावर चापट मारली आणि "मेल्या, हात लावशील तर!" असे मराठीत ओरडले. चापट जोरात बसली. हे मला कबूल आहे.

परीक्षक मिसेस कोवाल्स्की तेव्हा दारात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारले, "तू स्वतः किती वेळा दाबलंस?" मी म्हणाले, एकदा. "मग पुढे?" मी म्हणाले, आधी आत साठलेले तेल पुसायचे, मग नळीत अडकलेली हवा काढायची, मगच बटण.

तसेच केले. ११.२५ वाजता म्हातारा पेटला. धुराच्या चाचणीचा कागद पांढराशुभ्र निघाला, म्हणजे धुरात काजळी नव्हती. मिसेस कोवाल्स्कींनी तो रीव्हज यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पास मी हिला या कागदासाठी करत नाहीये. त्या चापटीसाठी करतेय."

वरील जबाब दुभाषी नेत्रा यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्या तीनदा हसून थांबल्या आणि "ताई, टेन्शन घेऊ नका, केस क्लोज झालीये" असे म्हणाल्या. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. चौदा महिने प्रत्येक फॉर्मवर धंद्याच्या रकान्यात मी 'काही नाही' असे लिहीत आले. वर रिकामी ठेवलेली जागा आता भरावी: ऑइल बर्नर टेक्निशियन. आणि वडिलांच्या नियमाप्रमाणे शेवटची ओळ: हे लिहिताना मी रडले, सबब शाई पसरली आहे.