निळ्या सरोवरावर सासऱ्याचं नाव

झुल : आबाऽऽ! आबाऽऽऽ! आई, ते वळतच नाहीत. घोडीचा लगाम धरून गोठलेल्या सरोवरावरून सरळ ओढ्याच्या तोंडाकडे चाललेत.

सेव्जिद : तिथला बर्फ काळा पडलाय गं. परवा पहार एका घावात आरपार गेली. ओरड, पोरी! माझा घसा बसलाय, नाहीतर तुला कशाला सांगितलं असतं?

झुल : ओरडतेय की! आबाऽऽ!

सेव्जिद : पलीकडच्या छावणीतली पोरं सकाळपासून आपापल्या आबांना हाका मारतायत. ह्यांना वाटत असेल, त्यातलंच कुणीतरी. नाव घे त्यांचं.

झुल : आई!

सेव्जिद : घे म्हणते ना!

झुल : सासऱ्याचं नाव? तेही पाण्यासमोर, डोंगराच्या देखत? लग्नाच्या दिवशी तुम्हीच बजावलं होतं, सुनेच्या तोंडी सासऱ्याचं नाव आलं की त्याचं आयुष्य तुटतं.

सेव्जिद : बजावलं होतं. आता मीच सांगतेय. पूर्वी याच काठावर तेमुजिनचं नाव घेऊन त्याला साऱ्या टोळ्यांचा खान केलं. पाण्यानं ऐकलंच ना? काय बिघडलं त्याचं?

झुल : ते खान होते. त्यांना नवं नाव मिळालं. आबांना कोण देणार? मला भीती वाटते, आई. मी नाव घेतलं आणि त्याच क्षणी बर्फ फुटला, तर जन्मभर माझ्याकडे कशा बघाल तुम्ही?

सेव्जिद : आणि न घेता फुटला तर?

झुल : धुकं आलं... आई, दिसत नाहीत. दिसतच नाहीत!

सेव्जिद : झुल!

झुल : गोंचिगऽऽ! गोंचिगऽऽऽ! थांबा! पुढे काळा बर्फ आहे!

गोंचिग : (धुक्यातून) कोण... कोण ते?

झुल : मी, झुल! मागे फिरा!

गोंचिग : मागं कुठं नि पुढं कुठं, काही कळत नाही. पायाखाली कुरकुरतंय. हाक मारत राहा, आवाजाच्या रोखानं येतो.

झुल : गोंचिगऽऽ! गों... आई, कसला आवाज झाला तो? आबा! आबा, बोला ना!

सेव्जिद : नाव घे. थांबू नकोस.

झुल : गोंचिगऽऽ! गोंचिगऽऽऽ! गोंचिगऽऽ!

गोंचिग : आलो. पुरे, पोरी, आलो. घोडी गेली. पोटातल्या शिंगरासकट गेली. लगाम सोडला म्हणून मी राहिलो.

सेव्जिद : कमरेपर्यंत भिजलात. चला, आधी चुलीपाशी चला.

झुल : आबा, माझ्या तोंडून नाव गेलं... घोडी त्यामुळे तर नाही ना?

गोंचिग : वेडी आहेस. माझी आई गेल्यापासून त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तुझी पहिली हाक आली तेव्हा वाटलं, तीच न्यायला आली. पुढं पाऊलच उचलेना.