डबीवरच्या चपला

त्या दिवशी ऊन असं व्हतं, की मारुतीच्या पारावर पाय टेकवला तर चटका बसायचा. आमच्या केदारखेड्याच्या भजनी मंडळाची गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून झाल्ती, आणि त्याच्या डबीवरचं चित्र करायला माझी नात आल्ती.

मी म्हणलं, "आमचे सगळ्यांचे फोटो टाक की."

"न्हाई आबा. भजनं वैराग्याची हायेत, मंग खूणबी तशीच पाहिजे. सगळं सोडून गेलेल्या माणसाच्या चपला टाकू."

देवळामागं पिंपळाखाली एक जोड पडला व्हता. टाच झिजलेली, अंगठा तारेनं बांधलेला. कोणीतरी टाकून दिला असंल म्हणून मीच उचलून दिला. पोरीनं शेताच्या पायवाटेवर नेऊन फोटो काढला आणि जोड तिथंच राह्यला.

सांजच्याला शेजारचा बन्सी तळपाय भाजून, लंगडत आला. म्हणे, दुपारी मारुतीला गेल्तो, बाहेर येऊन पाहतो तर चपला गायब.

माझ्या म्हाताऱ्या डोक्यात काहीच आलं न्हाई. उलट मीच त्याला समजावलं, "जाऊ दे बन्सी. देवळातून चपला गेल्या की माणसाची पनवती जाती."

त्याला ते बिलकुल पटलं. पुढं गावभर तेच सांगत फिरला.

महिन्यानं डब्या छापून आल्या. पहिली मी कौतुकानं बन्सीच्याच हातात दिली. त्यानं ती डोळ्याजवळ धरली, त्या तारेवर बोट ठेवलं आणि म्हणला, "आबा, माझी पनवती गेली म्हणले व्हते ना तुम्ही? ही तर गावभर वाटायला छापून आणली."