आणखी एक नऊ

...आणि वर मलाच विचारतात, ‘सर, माल गेला कुठे?’ अरे, गेला कुठे म्हणजे? आपण सगळ्यांनी मिळून त्याला निरोप दिला की! पण थांबा, तुम्हाला सांगतो, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भरकटला... तसा भरकटतोच, पण तो विषय वेगळा.

तर आमच्या कारखान्यात एक अमिनो आम्ल करतात. म्हणजे जंतू करतात, आपण फक्त त्यांना खाऊ घालायचं. मग टाकीत आम्ल असतं आणि भरपूर मीठ. मीठ काढायचं कसं? माझ्या यंत्रानं! पातळ पडद्यांची जाडजूड चळत, दोन्ही टोकांना वीज. मिठाचे दोन तुकडे होतात, एक इकडे धावतो, एक तिकडे, आणि पडद्यांतून पसार होऊन शेजारच्या खाऱ्या टाकीत जमतात. आणि आम्ल? त्याच्या अंगात धन-ऋण दोन्ही भार, ते म्हणजे सासू-सुनेच्या भांडणातला मुलगा हो! एक हात आई ओढतेय, दुसरा बायको. हलणार कुठे? जागच्या जागी उभा. म्हणून मीठ जातं, माल राहतो. यावर मी जाडजूड प्रबंध लिहिलाय. मी एकट्यानेच वाचलाय असंही म्हणतात.

मालकांनी यंत्र घेतलं ते माझ्या शब्दावर. निवृत्त माणसाला बोलावून खोली दिली, खुर्ची दिली. चाचणीचा माल पास झाला तर यंत्र राहणार, मी राहणार. नाही झाला तर मी घरी. आणि घरी माझी किती गरज आहे ते माझी बायको रोज सांगते.

चाचणी सुरू झाली. मीठ उतरतंय, उतरतंय... आणि आली की हो शुद्धता, नव्व्याण्णव टक्के! गिऱ्हाईकाला हवी तेवढीच! आता खटका बंद करायचा आणि चहा प्यायचा. पण ‘पुरे’ कोण म्हणणार?

विक्रीवाले साहेब टाय सावरत म्हणाले, ‘सर, नव्व्याण्णव तर सगळेच देतात. पॉइंटच्या पुढे आणखी एक नऊ नाही का बसत?’ जसं काही पाहुणा आलाय, बाकावर जरा सरकून घ्या! मी म्हणायला हवं होतं, नाही बसत. पण मला लगेच वाटलं, यांचं बरोबर असेल तर? मीटरच चुकत असेल तर? माझा प्रबंधच चुकला असेल तर?

म्हटलं, ‘बघू, थोडं चालवू.’

बायकोचा फोन. ‘अहो, झालं का?’ म्हटलं, झालंय बहुतेक, पण खात्री करतोय. ‘म्हणजे दाराच्या कुलपासारखं? लावायचं, ओढायचं, जिन्यावरून परत येऊन ओढायचं... एक दिवस हातात येईल ते!’ तुम्हीच सांगा, असं बोलतात का कुणी? पण ‘पुरे’ कोण म्हणणार?

तेवढ्यात मालक आले. ‘काय सर, आकडा का अडलाय? दाब वाढवा!’ विजेचा दाब म्हणजे यांना पायाखालचा पेडल वाटतो. आता वाहून न्यायला मीठच उरलं नाही, तर वीज बिचारी करणार काय? ती पाणीच फोडायला लागते. पाण्याचा आंबटपणा बदलतो, आणि इतका वेळ मधे उभा असलेला तो मुलगा... तो एका बाजूचा होतो! उचलली पिशवी की निघाला पडद्यातून! हे मला पाठ आहे, प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे! पण मालक म्हणतायत, टाय म्हणतोय, मीटर म्हणतंय... आणि मी? मी म्हटलं, ‘वाढवतो.’

आला हो आणखी एक नऊ! टाळ्या झाल्या! टायनं मला मिठी मारली! आणि प्रयोगशाळेतल्या बाई कागद घेऊन आल्या. ‘सर, शुद्धता अप्रतिम आहे. पण निम्म्याहून जास्त मालच नाहीये टाकीत.’

सगळे माझ्याकडे बघतायत. माल शेजारच्या खाऱ्या टाकीत, मिठाच्या गळ्यात गळा घालून बसलेला! म्हणजे जिथून निघालो तिथेच, फक्त टाकी बदलली! टाय म्हणाला, ‘सर, तुम्हाला माहीत होतं तर थांबवलं का नाही?’ वा! म्हणजे आता ‘पुरे’ मी म्हणायचं होतं!

गिऱ्हाईक गेलं. मी खुर्चीवरचा पंचा घडी करून पिशवीत घातला. मालक म्हणाले, ‘थांबा सर, यंत्र वाईट नाही. आपल्या विहिरीचं पाणी फार खारट आहे...’

तर तुम्हाला सांगतो, यंत्र आता कॅन्टीनच्या मागे बसवलंय. शेजारी माझी खुर्ची. परवा टाय पेला नाचवत आला, ‘सर, चहा काय झालाय! आयुष्यभर तुम्ही नक्की कसलं संशोधन केलंत, ते आज कळलं बघा!’

मीही एक घोट घेतला... चहा खरंच चांगला होतो हो.