बाळंतिणीच्या डोक्यावरची कौलं

माझं माहेर खडवलीचं, नदीकाठचं, आनि धंदा सुईनीचा, आईकडनं आलेला. लग्न करून कल्यानास आले नि इथलीच झाले. काय सांगू तुम्हाला, मी गोठ्यात बाळंत झाले, वरून पानी गळत व्हतं, ते पहिलं पोर गेलंच. तवापासून एकच ध्यास, गरिबाच्या बाईला बाळंतपनाला कोरडी खोली पायजे. पन मला कोन देनार खोली?

आमच्या आळीत जुनी शाळा व्हती, मातीच्या भिंती, सागाचे वासे. जमीन मीच सारवायची. नवी शाळा बांधायला घेतली तशी शाळेच्या कमेटीचे अन्ना म्हनाले, जुनी पाडा, लाकूड नि कौलं तिकडं लावू. मला लई वाईट वाटलं. पाडायच्या दिवशी सकाळी रुळावर खडी टाकनारी एक बाई कळा येऊन वाटेतच अडली, तिचं घर म्हंजे गोनपाटाचं, मी सरळ तिला शाळेत घेतलं. सुतार बाहेर शिडी लावतोय नि आतून पोर रडलं! सुतार उतरला, म्हनाला, बाळंतिनीच्या डोक्यावरचं कौल मी काढनार नाय, पाप लागंल, दहा दिवस जाऊ दे.

अन्ना आले, विटाळ नको म्हनून अंगनातच उभे, तिथनं ओरडले, अकराव्या दिवशी मी ऐकणार नाही हो. पन नवव्या दिवशी दुसरी आली, कोळ्याची. पुना दहा दिवस. मंग तिसरी. अन्ना लाल झाले, सुईणबाई, तू मुद्दाम करतेस. मी म्हनलं, अन्ना, पोटातलं पोर का मी हाक मारून बोलवते? खरं सांगू, तिसरीला मीच निरोप धाडला व्हता, देव माफ करो.

असं करता करता पावसाळा तोंडावर आला, नव्या शाळेला छप्पर तर पायजे, शेवटी अन्नांनी दुसरं लाकूड आनलं. मला म्हनाले, घे बाई तुझी शाळा, सारवून ठेव. मी लांबूनच पाया पडले. तापट मानूस, पन मनानं मोठा, कमेटीत तसा ठराव त्यांनीच केला.

परवा जुने मास्तर वाटेनं चालले व्हते, त्याच शाळेत शिकवायचे ते. एक बाई पोर घेऊन निघाली व्हती. मास्तर थांबले, म्हनाले, माझ्या वेळीही मुलं आत जाताना रडायची आणि बाहेर पडताना हसायची, तुझ्याकडेही तसंच चाललंय की. मी लई हसले, नि मंग डोळेच भरले.

सगळ्यांचे उपकार हायत, कोनाचं वाईट म्हनू? आता माझा हात थरथरतो, सून करते सगळं. मी उंबऱ्यापाशी बसते नि येनारीला म्हनते, ये बाई, घर तुझंच हाय.