सायीखालचं दूध

—न्हाई हो सर, साय कुठली आलीया? तुमी सांगितल्यापासून सायीचा कन न्हाई माझ्या सिंधुच्या पोटात. दूध तापवते, निवू देते, वरची साय काडते, फडक्यातून गाळते आन् मग पेला देते — आनखी काय करावं मायनं? बसा की, त्या पेंडीच्या पोत्यावर बसा. चारा छावनी हाय ही, खुर्ची कुठून आनू. उदगीराहून एवढ्या उनात फटफटी घेऊन आलाव, ते काय दुधाचं इचारायला? व्हय, पळनं मंदावलंय तिचं, म्हनली ती मला. परवा तुमच्या ग्राऊंडवर ओकली बी म्हनं. ऊन हाय सर. औंदा पाऊस न्हाई, टँकरचं पानी, मान्सं-जनावरं सगळीच ओकायलेत. पोलीस भरती बुधवारी हाय हे मला काय म्हाईत न्हाई व्हय?

खरं सांगू, तुमी तिला म्हनलाव ना, फॅट नको, बिनसायीचं दूध घे, ताक घे — तवा मला हासूच आलं. आमच्याकडं फॅट म्हन्जे भाव, सर. डेअरीवाला दूध वततो, मशीन फॅट सांगतंय, फॅट उतरली की त्याचं तोंड बी उतरतंय. छावनीतला ऊस खाऊन आमच्या म्हशीची तशीच पडलीया, आन् तुमी म्हनताव काडून टाका! मग म्हनलं, अगं केवळाबाई, हे तर आपलंच खानं हाय की. आमच्या घरात बायका सायीखालचंच पीत आल्यात. साय माझ्या पोराला, रामकिशनला, का तर तो तालमीत जातो. तूप मालकाच्या ताटात, थोडं देवाच्या दिव्याला. राहिलं ताक, ते सासूबाईला, मला आन् सिंधुला. त्याला कुनी डाएट म्हनलं न्हाई कधी. त्याच ताकावर वाडलेली पोरगी तुमच्याकडं पैली यायची, तवा तुमीच इचारलाव, काय खाऊ घालताव हिला म्हनून. काय सांगनार, उरलंसुरलं घालते म्हनून?

काय म्हनलाव? गालफडं भरलीत? दिसायलेत व्हय तुमाला — भरनारच की, एवढी साय — न्हाई, म्हन्जे ज्वारीची भाकर, आन् वय हाय तिचं... असं बगू नका हो सर.

बरं, ऐका. पर मालकाच्या कानावर जाऊ देऊ नका. देवनीचं स्थळ आलंय. शेषेराव म्हनून हायेत, त्यांच्या पोरासाठी, चांगलं खातंपितं घर. बगायला आले, तर पोराच्या आत्यानं सगळ्यांम्होरं सिंधुचा दंड चिमटीत धरला आन् म्हनली, पळून पळून चिपाड झालंय की हे. पोरगी मान खाली घालून उभी. मालक म्हनले, म्हैना द्या, भरंल. शब्द दिले. मग सासूबाई माझ्या मागं — तूप घाल, साय घाल. सिंधु तर शिवंना, सर न्हाई म्हनलेत म्हनायची. मग काय करते मी — कोमट दुधात साय टाकते, रवीनं मोडते, फडक्यातून गाळते. वर कायच दिसत न्हाई, पांढरं ते पांढरं. भाकरीच्या पिठात बी तूप मळते. कळत कसं न्हाई म्हनताव? सर, जन्मात कधी साय मिळालीच न्हाई तिला, तर चव वळखंल कशी?

मालकाला तुमी बोलनार? काय उपेग न्हाई. ते म्हनतेत, उदगीर जिल्हा होऊ द्या, पोलिसाच्या लई जागा निघतील, सासरचे पळू देतील मग. जिल्हा! मी नवरी होऊन आले तवापासून व्हायलाय तो जिल्हा. आन् मी काय बोलू? म्हशीला दावं हाय तसं मला बी हाय इथं — छावनी सोडून गेलं तर म्हशीचं नाव कापतेत, चारा बंद. पोरगी सांजच्याला धारेला येती, माझ्या हातचा पेला पिती आन् म्हनती, माय, माझे पाय कामून जड झालेत गं? मी तिचे पाय चोळते. चोळते आन् दुसरा पेला भरते. कुनाला सांगू हे, सर?

आजपासून बंद केलं तर? बुधवारपतूर हलकी व्हईल म्हनता? खरंच व्हईल? — व्हईल तर पळंल. पळंल तर पैलीच यील, मला म्हाईत हाय ना, माझ्या पोटची हाय. आन् मग? शेषेरावाला काय सांगनार? सासूबाई म्हनंल, दूध कुनाच्या हातचं होतं? मालक मला घरात ठिवतील? न्हाई सर. तुमी दोन दिसानी दुसऱ्या पोरींना पळायला लावाल, मला तर तिथंच ऱ्हायचंय.

एकच करा. तिला ह्यातलं काई सांगू नका, तुमच्या पाया पडते. आपलेच पाय हारले म्हनून चार दिस रडंल, गप व्हईल, जाईल नांदायला. पर मायनं हारवलं हे कळलं, तर म्हायेराला कशाला यील सर ती?

उठा. आली बगा, त्या लिंबाखालून यायली. उठा म्हनते ना... ये गं सिंधु, सर निघालेत. पेला घे. दूध निवलंय.